ड्रोन जमीन सोडत नसेल तर

मराठवाड्यात आता लग्न, जत्रा, मिरवणूक किंवा शेताची पाहणी म्हटली की कॅमेऱ्याचा छोटा ड्रोन हमखास येतो, आणि वऱ्हाड दारात उभे असताना नेमका तोच ड्रोन जागचा हलत नाही, हा प्रसंगही पुष्कळांच्या वाट्याला आलेला आहे. अशा वेळी चार जण चार सल्ले देतात, बॅटरी दहा वेळा काढून घातली जाते, कोणीतरी घाईने कॅलिब्रेशन, म्हणजे ड्रोनच्या आतील मोजमापे पुन्हा जुळवण्याचे काम, सुरू करतो, आणि पंधरा मिनिटांनी मूळ अडचण कोणती होती हेच कोणाला सांगता येत नाही. माझ्या अनुभवात दहापैकी आठ-नऊ वेळा ड्रोन बिघडलेला नसतो. उड्डाणापूर्वी तो स्वतःची तपासणी करतो आणि त्या तपासणीत एखादी गोष्ट बसली नाही की मोटर सुरू करण्यास नकार देतो. तो नकार कशामुळे आला हे शोधायचे असते; त्याला चकवून ड्रोन हवेत न्यायचा नसतो, कारण खाली माणसे असतात.

म्हणून पहिले काम म्हणजे काहीही न दाबता ॲपमधील सूचना शेवटपर्यंत वाचणे आणि तिचा स्क्रीनशॉट घेणे. दुसरे काम म्हणजे लक्षण नीट ओळखणे. ड्रोनवर एकही दिवा लागत नाही, दिवे लागतात पण मोटर फिरत नाहीत, आणि मोटर फिरतात पण ड्रोन उचलत नाही किंवा कलंडतो, या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीचे मूळ बहुधा बॅटरीत, दुसरीचे सूचना, जागा किंवा रिमोटमध्ये आणि तिसरीचे पात्यांत सापडते. यापुढे एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर ड्रोन पुन्हा सुरू करून पाहावा.

बॅटरी

नवख्या माणसाची पहिली फसगत चालू करण्याच्या बटणापाशीच होते. बहुतेक घडीच्या ड्रोनमध्ये बटण एकदा दाबून सोडायचे आणि लगेच पुन्हा दाबून सुमारे दोन सेकंद धरून ठेवायचे असते; एकदाच दाबले तर केवळ चार दिव्यांवर चार्ज दिसतो आणि दिवे विझतात, त्यामुळे ड्रोन बंद पडला असा समज होतो. बॅटरी खाचेत पूर्ण बसली आहे का आणि तिची खिटी दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज करून अडकली आहे का, हेही बोटाने चाचपून पाहावे.

मागच्या लग्नसराईनंतर पिशवीत तशीच पडून राहिलेली बॅटरी बटणाला अजिबात दाद देत नाही. कमी चार्जवर बराच काळ पडून राहिलेली हुशार (आत स्वतःचे नियंत्रण असलेली, 'स्मार्ट') बॅटरी स्वतःला वाचवण्यासाठी झोपी जाते आणि चार्जरला लावल्याशिवाय जागी होत नाही. मोबाइलचा जुना, कमी ताकदीचा चार्जर अशा वेळी अपुरा पडतो, म्हणून ड्रोनसोबत आलेला किंवा माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या क्षमतेचाच चार्जर वापरून अर्धा तास वाट पाहावी. तरीही दिवा लागला नाही तर सेल मर्यादेच्या खाली उतरले आहेत असे समजावे. बाहेरून तारा लावून अशा बॅटरीला जबरदस्तीने चार्ज देण्याचे उपाय कोणी सुचवले तरी ते करू नयेत, कारण लिथियमचा खोलवर उतरलेला सेल पुन्हा भरताना पेट घेऊ शकतो.

चार्ज पूर्ण दिसत असूनही उड्डाण नाकारले जात असेल तर ॲपमधील बॅटरीच्या पानावर प्रत्येक सेलचा व्होल्टेज पाहावा. साधा लिथियम पॉलिमर सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टच्या आसपास असतो, जास्त व्होल्टेजच्या प्रकारात तो ४.३५ किंवा ४.४ पर्यंत जातो. येथे मूळ आकड्यापेक्षा सेलांमधील फरक महत्त्वाचा असतो. एक सेल इतरांपेक्षा ०.१ व्होल्टहून अधिक खाली राहत असेल आणि पुन्हा पूर्ण चार्ज करूनही तो फरक भरत नसेल, तर ती बॅटरी मी माणसांच्या डोक्यावरून उडवत नाही.

आपल्याकडील उन्हाचा विचार तर वेगळाच करावा लागतो. मे महिन्यात परभणी, नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो, आणि बहुतेक छोट्या ड्रोनसाठी निर्मात्यांनी सांगितलेली कमाल मर्यादा ४० अंशांची आहे. त्यातच करड्या किंवा काळ्या रंगाचा ड्रोन काचा लावलेल्या गाडीत तासभर राहिला तर बॅटरीचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी वर जाते, आणि ॲप तापमान जास्त असल्याची सूचना देऊन थांबते. अशा वेळी बॅटरी काढून सावलीत, वाऱ्याला, कोरड्या जागी ठेवावी. ओल्या फडक्यात गुंडाळणे किंवा थंड पेटीत टाकणे टाळावे, कारण थंड झालेल्या भागावर हवेतील बाष्प जमते आणि संपर्काच्या पट्ट्यांवर ओल येते. उन्हाळ्यातील चित्रीकरण सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य कलल्यावर ठरवावे, हे यजमानांना आदल्या दिवशीच सांगून ठेवणे उत्तम. उलट पौषातील पहाटे हुरड्याच्या शेतावर गेलो की तीच बॅटरी गारठून चार्ज भराभर कमी दाखवते. तेव्हा ती स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवावी आणि उडवण्यापूर्वीच ड्रोनमध्ये घालावी.

फुगलेली बॅटरी ओळखण्यासाठी ती टेबलाच्या काचेवर आडवी ठेवून एका कोपऱ्यावर बोट टेकवावे. चांगली बॅटरी चारही कडांवर स्थिर बसते. फुगलेली डुगडुगते, आणि कवचाच्या सांध्यात नखाएवढी फट दिसते. तिला टोचू नये, दाबून सपाट करू नये, पुन्हा चार्जही करू नये. वाळू भरलेल्या मातीच्या मडक्यात घराबाहेर ठेवून ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी. ही वेळ लवकर येऊ नये म्हणून हंगाम संपल्यावर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून न ठेवता साधारण ४० ते ६५ टक्क्यांवर ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा वापरात आणावी.

रिमोट, ॲप आणि फर्मवेअर

येथील कारणे किरकोळ असतात, पण वेळ फार खातात. मोटर सुरू करण्यासाठी सहसा रिमोटवरील दोन्ही स्टिक (छोट्या दांड्या) एकाच वेळी खाली आणि आतल्या बाजूला ओढून क्षणभर धराव्या लागतात; एकच स्टिक वर केल्याने काही होत नाही. लहान मुलांच्या स्वस्त ड्रोनमध्ये रिमोटशी जुळणी करण्यासाठी डावी स्टिक पूर्ण वर नेऊन पूर्ण खाली आणण्याची रीत असते. मोबाइल रिमोटला जोडणारी केबल फक्त चार्जिंगची असेल तर ॲपला ड्रोन दिसतच नाही, तेव्हा मूळ केबल पिशवीत वेगळी बांधून ठेवावी. नवा ड्रोन पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेटवरून सक्रिय करावा लागतो, म्हणून हे काम घरी उरकावे. नेटवर्क नसलेल्या शिवारात जाऊन ते करता येत नाही. ॲपला ठिकाणाची परवानगी दिलेली असावी.

फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतील मूळ सॉफ्टवेअर, याविषयी मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. ड्रोन, रिमोट आणि प्रत्येक बॅटरी यांचे फर्मवेअर एकमेकांशी जुळावे लागते. आपण एका बॅटरीवर ड्रोन अद्ययावत करतो, दुसरी बॅटरी जुनीच राहते, आणि कार्यक्रमाच्या मध्यावर बॅटरी बदलताच उड्डाण नाकारले जाते. म्हणून अद्ययावत केल्यानंतर सगळ्या बॅटऱ्या एकेक करून घालून पाहाव्यात, ड्रोन व रिमोटचा चार्ज ५० टक्क्यांच्या वर ठेवावा, आणि हे काम कार्यक्रमाच्या किमान दोन दिवस आधी संपवावे.

जागा

माझ्या मते आपल्या भागात ड्रोन अडण्याचे सर्वांत मोठे कारण उभे राहण्याची जागा हे आहे. दोन वर्षांपूर्वी अंबड तालुक्यात नात्यातल्या एका लग्नात मी घराच्या गच्चीवरून ड्रोन उडवायचे ठरवले, कारण खाली मांडव आणि माणसांची दाटी होती. ॲपने चुंबकीय अडथळ्याची सूचना दिली. मी तीनदा कंपास कॅलिब्रेशन केले आणि तिन्ही वेळा ते फसले. शेवटी मोठ्या काकांनी, "अरे, ते खळ्यावर घेऊन जा की, हितं काय धरून बसलास," असे म्हटल्यावर तीस-चाळीस पावलांवरच्या खळ्यात गेलो, आणि एकही बटण न दाबता सूचना आपोआप नाहीशी झाली. अडथळा गच्चीच्या स्लॅबमधील सळ्यांचा होता.

ड्रोनचा कंपास पृथ्वीचे क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजून दिशा ठरवतो, त्यामुळे जवळचे लोखंड त्याला सहज फसवते. स्लॅबच्या सळ्या, पत्र्याचे शेड, मांडवाचे लोखंडी पाइप, ट्रॅक्टरची ट्रॉली, लोखंडी बाज, उभी मोटारसायकल, आणि लग्नातील डीजेचे मोठे स्पीकर, ज्यांच्यात तर चुंबकच असतात, या सगळ्यांपासून निदान पंधरा-वीस पावले दूर जावे. जागा चांगली आहे का हे तपासण्याची माझी पद्धत साधी आहे. मोबाइलमधील होकायंत्र उघडून फोन कमरेच्या उंचीवर आडवा धरावा, उत्तर दिशेचा आकडा पाहावा, आणि फोन तसाच सरळ खाली जमिनीपर्यंत न्यावा. स्लॅबवर हा आकडा दहा-पंधरा अंशांनी किंवा त्याहूनही अधिक सरकताना डोळ्यांदेखत दिसतो. मोकळ्या रानात तो जवळजवळ हलत नाही.

येथे एक मोठी चूक टाळली पाहिजे. अडथळ्याच्या जागेवर वारंवार कॅलिब्रेशन केल्याने कधीकधी ते यशस्वी होते, आणि तेच धोक्याचे असते. लोखंडाच्या सान्निध्यात शिकलेले चुकीचे गणित घेऊन ड्रोन हवेत जातो, मोकळ्यावर आल्यावर त्याची दिशा चुकते, आणि एका जागी थांबण्याऐवजी तो वर्तुळे घेत वाहवत जातो. म्हणून आधी जागा बदलावी. त्यानंतरही ॲपने मागितले तरच कॅलिब्रेशन करावे. हातातील घड्याळ, किल्ल्या आणि मोबाइल दूर ठेवावा, पडद्यावरील चित्राप्रमाणे ड्रोन आधी आडवा आणि मग नाक खाली करून पूर्ण फिरवावा. शेवटच्या उड्डाणाच्या जागेपासून ५० किलोमीटरहून दूर आला असाल किंवा महिनाभर ड्रोन बंद असेल तर ही मागणी येणे स्वाभाविक आहे, त्यात बिघाड काही नसतो.

मोकळ्या आकाशाचीही गरज असते. वाड्याच्या भिंतीला लागून किंवा कडुलिंबाच्या दाट सावलीत जीपीएसचे उपग्रह पुरेसे मिळत नाहीत, आणि शिकाऊ मोड चालू असल्यास काही ड्रोन जीपीएस मिळेपर्यंत उडतच नाहीत. उघड्यावर एक-दोन मिनिटे थांबणे एवढाच त्यावर उपाय आहे.

जमीन सपाट असावी. ढेकळांच्या काळ्या रानात ड्रोन तिरपा बसतो आणि कललेल्या अवस्थेत मोटर सुरू करण्यास नकार देतो; सोयाबीन काढलेल्या शेतात खुंट आणि कापसाच्या रानात पऱ्हाटीची टोके पात्यांना अडतात, मग मोटर अडकल्याची सूचना येते. मी घरातील लाकडी पाट सोबत नेतो. पातळ कापड किंवा पोते अंथरू नये, कारण पात्यांच्या वाऱ्याने कड उचलते आणि पात्यातच अडकते.

जागा आणि कंपास ठीक असूनही आयएमयू, म्हणजे ड्रोनचा तोल मोजणारा भाग, याची सूचना येत असेल तर ड्रोन पूर्ण गार होऊ द्यावा आणि गवंड्याच्या लेव्हलने तपासलेल्या सपाट टेबलावर ठेवून त्याचे कॅलिब्रेशन करावे. मांडीवर किंवा गाडीच्या बॉनेटवर ते करू नये.

पाती आणि मोटर

मोटर फिरतात, धूळ उडते, ड्रोन एका बाजूला कलंडतो किंवा जमिनीला चिकटून राहतो, असे दिसले तर ताबडतोब बंद करून पात्यांकडे पाहावे. चार मोटरपैकी समोरासमोरच्या तिरक्या जोडीतील दोन एका दिशेने आणि उरलेली दोन उलट दिशेने फिरतात, म्हणजे ड्रोन स्वतःभोवती गरगरत नाही. पाती बदलताना ही अदलाबदल झाली की चुकीच्या जागचे पाते हवा खाली ढकलण्याऐवजी वर ढकलते आणि ते टोक जमिनीवर दाबले जाते. बहुतेक ड्रोनमध्ये खूण असलेली पाती ड्रोनच्या खूण असलेल्या हातावर (मोटर धरणाऱ्या दांडीवर) आणि बिनखुणेची बिनखुणेच्या हातावर लावायची असतात. खूण पुसली असेल तर पाते नजरेच्या रेषेत धरून पाहावे: त्याची एक कड वर उचललेली आणि दुसरी खाली उतरलेली असते, आणि मोटर ज्या दिशेने फिरते त्या दिशेला वर उचललेली कड पुढे असली पाहिजे.

पात्याच्या कडेवरून नख हलकेच फिरवावे. डोळ्यांना न दिसणारी खाच नखाला लागते. एक पाते बदलायचे असेल तर त्या मोटरवरील दोन्ही पाती एकाच पाकिटातील लावावीत. स्क्रूने बसणारी पाती फार आवळली तर सांध्यात अडकतात, सैल राहिली तर थरथरतात. घट्ट करून झाल्यावर पाते बोटाने सहज मागेपुढे झाले पाहिजे.

मोटर तपासताना ड्रोन बंद करावा, बॅटरी काढावी, पाती उतरवावीत आणि चारही मोटर बोटांनी एकेक फिरवून त्यांची एकमेकांशी तुलना करावी. चांगली मोटर आतील चुंबकांमुळे बारीक टप्पे घेत, पण मोकळी फिरते. एखादी खरखरत असेल तर तिच्या फटीत भिंगातून पाहावे. आपल्या भागातील काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे आणि त्या खडकात लोहचुंबकीय खनिजाचे कण असतात. ओढ्याच्या वाळूत साधे चुंबक फिरवले तर त्यावर काळी लव उभी राहिलेली दिसते. ड्रोन जमिनीलगत धूळ उडवतो तेव्हा तीच लव मोटरच्या चुंबकांना जाऊन चिकटते. गेल्या खरिपात मळणीयंत्राशेजारी उतरवलेल्या माझ्या ड्रोनच्या एका मोटरमध्ये सोयाबीनच्या भुशाचा एक धागा आणि भोवती काळ्या कणांची दाढी सापडली. फुंकणीच्या हवेने आणि मऊ ब्रशने भुसा निघाला, उरलेले कण चिकटपट्टीच्या टोकाने एकेक उचलावे लागले. तेल किंवा वंगणाचा फवारा मारू नये, कारण धूळ त्यावर आणखी बसते.

मोटर मोकळी आहे, तरी सुरू करताना ती नुसती थरथरते आणि फिरत नाही, तर तिच्या तीन तारांपैकी एक तुटलेली असण्याचा किंवा तिला वीज देणारा भाग निकामी झाल्याचा संभव असतो. येथे घरगुती उपाय संपतो. ड्रोन पाण्यात किंवा विहिरीत पडून बाहेर काढलेला असेल तरीही तो वाळला म्हणून चालू करून पाहू नये. बॅटरी तत्काळ काढावी आणि जाणकाराकडे न्यावा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारची बंदी आहे, सुट्या भागांच्या आयातीवर नाही. हाती असलेला ड्रोन म्हणूनच दुरुस्त करून जपण्यासारखा असतो.

बाकी एक छोटी गोष्ट राहिली: कॅमेऱ्यावरील झाकण न काढता ड्रोन चालू केला तर गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा भाग, अडकल्याची सूचना येते. झाकण काढून पुन्हा चालू केले की काम होते.

नकाशातला नकार

सर्व काही ठीक असून ॲप प्रतिबंधित क्षेत्र दाखवत असेल तर ड्रोनला दोष देऊ नये. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे देशाचे आकाश हिरवे, पिवळे आणि लाल अशा क्षेत्रांत विभागलेले आहे आणि त्याचा नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही; चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही सूट २०० फुटांपर्यंतच आहे, आणि त्याहून जवळ गेले की नियम अधिक कडक होतात. छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा आणि नांदेडचे विमानतळ यांच्या भोवतालची अनेक मंगल कार्यालये या अंतरात येतात, म्हणून तारीख घेतानाच नकाशा उघडून पाहावा.

निर्मात्याच्या ॲपमधील नकाशा आणि सरकारचा नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरू नये. ॲपने अडवले नाही म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. वेरूळ, अजिंठा, देवगिरी किल्ला, बीबी का मकबरा ही संरक्षित स्मारके आहेत, आणि तेथे पुरातत्त्व खात्याची परवानगी नसताना ड्रोन काढूच नये. सण, सभा किंवा बंदोबस्ताच्या काळात पोलिसांचे स्थानिक बंदी आदेशही निघतात. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी आपल्याकडील अनेक गावे धास्तावली होती. तेव्हापासून मी गावात ड्रोन काढण्यापूर्वी पोलीस पाटलांना स्वतः भेटून सांगतो, आणि अंधारात उडवत नाही.

दुरुस्तीनंतरचे पहिले उड्डाण

कारण सापडून ते दूर केल्यावर लगेच मिरवणुकीवर जाऊ नये. मोकळ्या रानात, माणसे आणि गुरे वीस पावले मागे ठेवून ड्रोन छातीच्या उंचीपर्यंत उचलावा आणि स्टिक सोडून एक मिनिट तसाच राहू द्यावा. तो एका जागी स्थिर राहतो का, आवाज एकसारखा आहे का, ॲपमध्ये नवी सूचना येते का, हे पाहावे. मग हळूच उतरवून, मोटर थांबल्यावर चारही मोटरना बोटाची पाठ लावून पाहावी. तीन कोमट आणि एक चटका देणारी असेल, तर त्या दिवशी ड्रोन पिशवीतच ठेवावा आणि यजमानांना तसे स्पष्ट सांगावे.